गळती बंद

३ डिसेंबर

नवा गिझर हवा म्हणे! सूनबाईंनी सकाळी चहासोबतच विषय काढला. "बाबा, एकवीस वर्षं झाली त्याला. आता बदलू या ना." एकवीस वर्षांत कधी कुरकुर केली नाही त्यानं. यांच्या मिक्सरनं दोन वर्षांत मान टाकली, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मुलगा नेहमीप्रमाणे पेपरात तोंड खुपसून. जुनं ते टाका, हा या घराचा नवा कायदा. उद्या मलाही काढतील! हा गिझर मी माझ्या हातांनी बसवलाय.

५ डिसेंबर

मेकॅनिक आला. पान्याच्या आधी मोबाईल बाहेर. खालूनच टॉर्च मारून निदान — "काका, याची लाइफ संपली. थर्मोस्टॅटपण भरवशाचा नाही." मी म्हटलं, "तुझी लाइफ सुरू तरी झालीय का?" चहा विचारला नाही. सूनबाईंचं तोंड एवढंसं झालं.

६ डिसेंबर

सकाळपासून टप टप. गिझरखालच्या व्हॉल्व्हमधून पाणी! पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं गळत्या बुजवल्या मी, भर रस्त्यात, गुडघाभर चिखलात. आणि माझ्याच बाथरूममध्ये गळती? सूनबाई म्हणतात, "बाबा, तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. थोडा गळतोच, असं मेकॅनिक म्हणाला." गळतोच! मोठे आले सांगणारे. सूनबाई ऑफिसला गेल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडाला पितळी बूच बसवलं, पान्यानं करकचून आवळलं. पाच मिनिटांचं काम. कोणाला सांगितलं नाही. कळेल आपोआप.

७ डिसेंबर

एक थेंब नाही!!

१० डिसेंबर

पाणी असं कडकडीत येतंय की वाफेनं आरसा दिसेना. याची म्हणे लाइफ संपली! नात ओरडतच बाहेर आली — "आजोबा, भाजलं! आणि तो आतून धडधडतोय." सात वर्षांची आहे, पण नखरे सगळे आईचे. थंड पाणी मिसळ, म्हटलं.

१३ डिसेंबर

मला न विचारता सूनबाईंनी त्या मेकॅनिकला परत बोलावलं. नात आंघोळीला शिरतच होती. त्यानं एकदा वर पाहिलं, तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि मेन स्विच पाडला. गिझर गार झाल्यावर पत्रा काढून दाखवला — टाकीचं बूड फुगलेलं. थर्मोस्टॅट अडकलेला, त्यामुळे पाणी उकळतच राहिलेलं, आणि दाब बाहेर पडायला वाटच नाही. "व्हॉल्व्हचं तोंड कोणी बंद केलं? हा फुटला असता तर पोरगी हाती लागली नसती."

मी खाली पडलेला नातीचा टॉवेल उचलला.

"मी," सूनबाई म्हणाल्या. "पाणी गळत होतं म्हणून."

मुलगा तिला मेकॅनिकसमोर वाटेल ते बोलला. अक्कल गहाण टाकलीस का, इथपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. मी नातीच्या टॉवेलची घडी घालत होतो. घातली, मोडली, परत घातली.

१४ डिसेंबर

नवा बसला. पांढरा, गुळगुळीत, पाण्यापेक्षा दिव्यांचाच थाट जास्त. मुलगा अजून तिच्याशी बोलत नाही. जेवताना नुसते भांड्यांचे आवाज. तिला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला? मोठेपणाची हौस, दुसरं काय! लाज मला वाटतेय आणि राग तिचा येतोय.

१५ डिसेंबर

शेवटी विचारलं — का घेतलंस अंगावर? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "परक्या माणसासमोर तुमची शोभा नको म्हणून. तो गेल्यावर तुम्ही सांगाल असं वाटलं होतं, बाबा."

मुलगा सातला येतो. पाचपासून दाराशी खुर्ची टाकून बसलोय.