नाकावरची दोन बोटं

धाकट्या,

अर्धा दिवस दुकान बंद ठेवून तुझा सिनेमा पाहिला. छोट्या गावातल्या बहिऱ्या शिंपिणीची प्रेमकथा म्हणे! तुझी नायिका तीन दिवस माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून माझे हात बघत होती, तेव्हाच विचारणार होते की बहिरी बाई हवी होती, तर घरातली का नाही चालली? तू म्हणाला असतास, "ताई, तुला अभिनय कुठे येतो?" आणि तिला बहिरेपण येतं का रे? नायकाने पाठीमागून हाक मारली, तर बया गर्रकन वळली!

तेही सोडून दिलं असतं. पण शेवटी ती नायकाकडे बघून नाकावर दोन बोटं फिरवते आणि खाली अक्षरं येतात, "माझं तुझ्यावर प्रेम आहे." सगळं थिएटर डोळे पुसत होतं. अरे गाढवा, ती खूण तू तीन वर्षांचा असताना मी तुझ्यासाठी केली होती. तिचा अर्थ 'शेंबड्या'! तुला बघून मी हसत हसत ती करायचे, म्हणून तू भलताच अर्थ लावून बसलास? एकदा विचारायचंस तरी!

हे पत्र टाकणारच होते. पण आता दूधवाला, शेजारीण, शाळेतल्या पोरी, जो तो दुकानापुढे थांबून मला नाकावर दोन बोटं फिरवून दाखवतो. चाळीस वर्षांत हे गाव पहिल्यांदाच माझ्याशी हातांनी बोलतंय. त्यांना खरा अर्थ कुठल्या तोंडाने सांगू? मीही उलट सगळ्यांना शेंबडे म्हणते, आणि ते खूश होऊन जातात.

तुझी,
पडद्यावर न चाललेली ताई