मेनच्या खटक्याला कुंकू

मंगळवार, ८ जुलै ८६
नात माझी, वंदना, मरोळच्या एका गाळ्यातून कॉम्प्युटरची पाटी घेऊन आलीय. हिरवी, वर बटणं, बाजूला लाल आकड्यांची खिडकी. मालक म्हणाला, यात बटणं दाबून घड्याळ बसव, पुरता एक दिवस चालव, किती मागेपुढे जातं ते सोमवारी सांग, मग नोकरीचं बघू. असली वस्तू फुकट हातात देतो? मला काही तो माणूस बरा वाटत नाही. पण पाटी झकास. ती सांगते, मी बटणं दाबते. तीन, मग इंग्रजी ई. ई म्हणजे मोडका कंगवा. ए म्हणजे तंबू. बोट दुखलं, पण संध्याकाळी आकडे आपले आपण पळायला लागले. मी टाळ्या पिटल्या. सुनेने, सुलभाने, कपाळाला हात लावला.

बुधवार ९
घड्याळ गेलं. करंट जाऊन आला की पाटी सगळं विसरते म्हणे. मी भाजीला गेलेले तेवढ्यात. शेजारी विचारलं, कुणाचा पंखा थांबला नव्हता. मग आमचाच करंट कसा गेला? पुन्हा सगळी बटणं दाबली. कंगवा, तंबू.

गुरुवार १०
आजही तेच. वंदना रडली नाही, पण जेवली पण नाही. आमचा मेन जिन्याखाली, खटका खाली-वर केला की झालं. माझा संशय बाळावर. पोटचा मुलगा, वंदनाचा बाप, पण लिहिते. कणकवलीचं स्थळ त्याने आणलंय, त्यांना सांगून बसलाय की मुलगी नोकरी करणार नाही. सेकंड शिफ्ट, दुपारपर्यंत घरीच असतो.

शुक्रवार ११
खटक्याला तेलात कालवून कुंकू फासलं. बाळा म्हणतो, आई, दसऱ्याला अजून किती वेळ आहे. म्हटलं, मिलमध्ये मागाला लावायचेच ना, आपल्या मेनने काय पाप केलंय. आणि भाजीला गेले. आले तर घड्याळ गेलेलं. बाळा जेवायला बसला तेव्हा हात बघितले. स्वच्छ. इतकं बरं वाटलं... आणि वाढणाऱ्या सुलभाची बोटं लाल.
माझीच अक्कल. सवाष्णीचं बोट रोजच लाल असतं, त्या घरात मी कुंकवाने चोर धरायला निघाले.
पण कुंकू अनामिकेने लावतात. हिचा अंगठा लाल.

शनिवार १२
वाल सोलताना विचारलंच. नाही म्हणेल वाटलेलं. खाली बघूनच म्हणाली, "कणकवलीवाले नाही म्हणाले तर हे तिला काही बोलणार नाहीत. मला बोलतील, जन्मभर. तुम्ही सांगणार तिला?" मी म्हटलं, आधी वाल संपव. बाळाचं तोंड सुटलं की कसं सुटतं ते मी बघितलंय. पण पोरीने चार दिवस तेच तेच दाबून घेतलंय. सांगितलं तर ती आईशी बोलायची नाही. नाही सांगितलं तर मी कुणाची? संध्याकाळी पुन्हा सगळं दाबलं. वंदना म्हणते, आजी, आता तू न बघता दाबतेस गं.

रविवार १३
शेवटचा दिवस. रात्रभर चाललं, संध्याकाळपर्यंत चाललं पाहिजे. सकाळीच स्टूल घेऊन जिन्याखाली बसले, मेथी निवडायला. येणारे जाणारे विचारतात, आजी इथे कुठे? म्हटलं, वर उकडतं. वंदनाला काही सांगितलेलं नाही. मधेच वरून ओरडली, फक्त एक मिनिट मागे आहे गं. खुशीत होती.
दुपारी सुलभा खाली आली. खटक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पायरीवर बसली आणि माझ्या ताटातली अर्धी मेथी ओढून घेतली. मेथी संपल्यावर म्हणाली, "आई, उठा आता. वर चला, पान वाढते."
म्हटलं, इथेच आण.