पुसू नये

सोमवार, १० नोव्हेंबर

आज पहिला दिवस, आणि अकरा पोरांनी मला एका दमात 'बाई' करून टाकलं. घरी मला अजून कुणी धड मोठीही समजत नाही! निघताना बाबांनी ही कोरी वही हातात ठेवली आणि म्हणाले, मधुरा, रोज लिहीत जा, म्हणजे तू काय करतेस ते निदान तुला तरी कळेल. रविवारची शब्दकोडी सोडवणाऱ्या माणसाकडून याहून गोड आशीर्वाद मिळत नाही.

प्रभादेवीहून लालबाग तसं जवळच, पण शाळा बघून वाटलं, दुसऱ्याच गावाला आले. शाळा पालिकेची, तीन मजली. एके काळी आठशे मुलं होती म्हणे, आता जेमतेम नव्वद. चौथीचे शिक्षक निवडणुकीच्या याद्या करायला गेलेत, कधी परततील देव जाणे, म्हणून आमच्या स्वयंसेवी संस्थेने वर्ग माझ्या हवाली केला. वरच्या मजल्यावरची खोली, भिंतीतच बसवलेला सिमेंटचा फळा. इतका काळाभोर, की खडू टेकवला की अक्षर उठून दिसतं. कोपऱ्यात वार, दिनांक, पट ११, हजर ११ असं लिहिलं आणि उगाच पाच मिनिटं स्वतःच्याच अक्षराकडे बघत बसले.

मुख्याध्यापक रामदास सर याच शाळेत शिकलेले. गमतीदार माणूस. झाडलोट करणाऱ्या बकुळामावशी केर काढायला ऑफिसात आल्या, तर सर खुर्चीवरून उठून उभे राहिले! मावशी साठीच्या असतील, बोलणं मोजकं. मला एवढंच म्हणाल्या, "जाताना फळा पुसून जायचा हां. विसरायचं नाय."

बुधवार, १२ नोव्हेंबर

दोन दिवस वाचन तपासलं. आमच्याकडे त्याची कार्डं असतात: अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट. चौथीच्या मुलाने गोष्ट वाचायला हवी. माझ्या अकरांपैकी एकालाही वाक्य आलं नाही. संताप आला. ही मुलं काय ढ आहेत? अजिबात नाही. माझी नक्कल तर हुबेहूब करतात.

सगळ्यात मागे प्रिती. अक्षरंही अर्धीच येतात, पण डोळे असे की आपण खडू कुठे ठेवला तेसुद्धा तिला माहीत. पहिलीतल्या धाकट्या बहिणीला, जुईला, हाताला धरून आणते आणि परत नेते. तिची आई दर्शना टॉवरमधल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. आज फाटकापाशी थांबवून तिने मला सरळच सांगितलं. बारा डिसेंबरला पालकांसमोर चाचणी आहे ना? त्या दिवशी पोरीने वाचून दाखवलं तर शाळा, नाहीतर घरी बसून जुईला सांभाळेल, चार वर्षं वाट बघून झाली. मी म्हटलं, ताई, वाचेल. इतकं ठासून म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

सकाळी मुलांना उतरवून घेता यावं म्हणून काल संध्याकाळी फळाभर शब्द लिहून खाली मोठ्ठं 'पुसू नये' लिहिलं होतं. आज बघते तर लख्ख! मावशींना विचारलं तर म्हणाल्या, त्यांना वाचता येत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कालही तेच. नीट समजावून सांगूनही मावशींनी फळा पुसला. शेवटी लालबागच्या बाजारातून कुलूप आणलं. आज शाळा सुटायच्या आधी मुलांसमोर फळाभर जोडाक्षरांचे शब्द लिहिले आणि खोलीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. मावशी ओलं फडकं घेऊन जिन्यात उभ्या होत्या. किल्ली द्या, म्हणून त्यांनी हात जोडले. मला लाज वाटली, पण किल्ली दिली नाही.

प्रिती कालपासून आली नाही. जुईला टायफॉइड झालाय, आईला सुट्टी नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

कुलूप जसंच्या तसं. खिडक्यांना गज. आणि फळा कोरा.

चिडून मी ते शब्द पुन्हा लिहिणार, तोच शिवाने, ज्याला परवापर्यंत ग आणि म यांतला फरक कळत नव्हता, बाकावरून सगळे शब्द म्हणून दाखवले. पाठ झाले असतील म्हणून मी पुस्तकातला दुसराच उतारा दिला. त्यातलं प्रत्येक जोडाक्षर त्याने वाचलं! मग राजसने, मग सगळ्यांनीच. दहाच्या दहा! मी टेबलावर हात आपटून ओरडले, मुलं नाचली. फळा कुणी पुसला हा प्रश्न मनात आला होता, पण अशा दिवशी कोण विचारतं?

रविवार, १६ नोव्हेंबर

बाबांबरोबर शब्दकोडं. आडवा तिसरा शब्द मी तीनदा वाचला आणि तीनदा वेगळाच वाचला. मधलं एक जोडाक्षर मला कळेना. बाबा म्हणाले, पोरांना शिकवता शिकवता पोरांसारखीच झालीस. आईही हसली. मीही हसले. दमलेय, दुसरं काय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

रोज शाळा सुटायच्या आधी मुलांसमोर लिहिते, रोज कुलूप लावते, रोज सकाळी फळा कोरा असतो आणि मुलं पुढे गेलेली असतात. आता सलग वाक्यं वाचतात. संस्थेचे लोक व्हिडिओ काढून गेले, माझी पद्धत काय असं विचारलं. मी काहीतरी भारदस्त ठोकून दिलं.

प्रितीची जागा रिकामी. जो त्या दिवशी वर्गात बसून फळा बघतो, त्यालाच येतं.

आणि मला — परवा औषधाच्या दुकानाची पाटी वाचायला मी रस्त्यात थांबले. लोक धक्के देत पुढे जात होते. फोनवरचं इंग्रजीही मुंग्यांसारखं दिसायला लागलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत.

सोमवार, २४ नोव्हेंबर

वर्ग रिकामा असताना आमची कार्डं स्वतःसमोर धरली. गोष्ट आली नाही. वाक्य आलं नाही. शब्द बोट ठेवून ठेवून वाचला. तक्त्यात माझं नाव असतं तर पुढे 'शब्द पातळी' लिहावं लागलं असतं.

लिहिता येतं. हाताला सवय आहे. पण लिहिलेलं परत वाचता येत नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

रामदास सरांसमोर जाऊन रडले. सरांनी दार लोटलं आणि कपाटामागून एक जुना फोटो काढला. चौथीचा वर्ग, मधोमध खुर्चीत तरुण शिक्षिका. बकुळामावशी. खाली काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही. सरांनी वाचून दाखवलं: वर्गशिक्षिका.

सर सांगत होते, डोकं खाली घालून. त्यांचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली होती. चौथीपर्यंत त्यांना काही येत नव्हतं. एका सकाळी उठले तर वाचता येत होतं. वर्गातल्या सगळ्या चाळीस जणांना येत होतं. त्याच वर्षी बाईंचं वाचणं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार. बाईंनी कुणाला खरं सांगितलं तर लोक हसले. त्या घरी बसू शकल्या असत्या. पण फळा रोज पुसायला हवा म्हणून हातात झाडू घेऊन परत आल्या. सर म्हणाले, मी जे वाचतो ते त्यांचं आहे.

मी विचारलं, गेलेलं परत येतं का. सरांनी नाही म्हणून मान हलवली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

कुलूप काढलं. आता मावशी आणि मी मिळून फळा पुसतो, दोनदा. उरलेलं कुणाला देणार नाही. माझं आहे ते.

आज प्रिती आली. जुई बरी आहे. सगळा वर्ग घडाघडा वाचताना तिने बघितला. पाटी काढून क गिरवायला लागली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

प्रितीला साध्या रीतीने शिकवते. सुट्टीत, शाळा सुटल्यावर. शब्द मला दिसत नाहीत, म्हणून एकेक अक्षर. सरही बसतात. ती जीव तोडून करते. पण सकाळी चारला उठून पाणी भरते आणि इथे पेंगते. वर्षभर मिळालं तर शिकेल, नक्की शिकेल. आहेत सात दिवस. दर्शनाकडे मुदत मागितली. तिने हात जोडून नाही म्हटलं.

बुधवार, १० डिसेंबर

प्रितीने विचारलं, बाई, मीच ढ आहे का?

गुरुवार, ११ डिसेंबर

आज फक्त तिला वर्गात बसवलं. बाकीचे मैदानात. मुळाक्षरं, बाराखडी, शब्द, एक अख्खी गोष्ट — हाताला येतं ते सगळं लिहिलं. फळा भरला. ती बघत बसली.

मावशी फडकं घेऊन आल्या. मी म्हटलं, आज राहू दे. मावशींनी विचारलं, किती जणांसाठी. म्हटलं, एकीसाठी. त्यांनी फडकं पिळलं, खाली ठेवलं, आणि माझ्या शेजारी बसल्या.

बाबांना काय सांगू — रविवारी कोडं —

शुक्रवार, १२

वाचलं तिने. गोष्ट. सगळी — दर्शना तोंडात पदर — टाळ्या — माझ्या हातात कार्ड, त्यावर नुसते काळे —

हात चालतोय अजून. ओळ कुठे — हे मी लिहिते का नुसत्या रेघा — मधुरा माझं नाव मधु

सोमवार, ५ जानेवारी

मी प्रिती. इयत्ता चौथी. ही वही बाईंची आहे. बाईंना आता लिहिता येत नाही. बाई रोज त्यांच्या बाबांबरोबर शाळेत येतात आणि बकुळामावशींबरोबर फळा पुसतात. त्यांनी मला ही वही वाचून दाखवायला सांगितली. मी सगळी वाचली. बाई मध्ये मध्ये थांबवून विचारत होत्या, असं लिहिलं होतं मी? मग त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि शपथ घातली की, फळ्यावर काही लिहिलंस तर पुसून जायचं.

बाईंनी वही मला दिली. आई म्हणते, तुला आलं ते चांगलं झालं, पण जुईला काही येत नाही. पहिलीत बाईच नाहीत. आई तिला गावाला आजीकडे ठेवणार आहे. रविवारी एसटीचं तिकीट काढणार. जुई माझ्या कुशीत झोपते. ती गेली तर मला झोप येणार नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

आज बाई डॉक्टरकडे गेल्या. मावशींचा गुडघा दुखतो, त्या आल्या नाहीत. मी जुईला वर नेऊन समोर बसवलं. फळ्यावर मला येतं ते सगळं लिहिलं. खूप आलं. हात दुखला.

मी पुसलं नाही. मला माहीत होतं. वहीत वाचलं होतं.

शुक्रवार, ९ जानेवारी

जुईला सगळं येतं! तिने आईला दुधाच्या पिशवीवरचं वाचून दाखवलं. आईने दोघींची पापी घेतली. ती म्हणाली आता कुणी कुठे जात नाही. मला खूप बरं वाटलं.

मग मी जुईला ही वही दाखवली. ती वाचायला लागली. मी म्हटलं मला पण बघू दे. पानावर खूप मुंग्या. मी बोट ठेवलं. मी म्हटलं जुई, इथे काय लिहिलंय गं, माझं नाव कुठे