सहा सेकंदांची लढाई

९ नोव्हेंबर, रविवार. दुपार.
पोरं येऊन गेली. लढाई तसूभर हलली नाय. ठरवलं : ही लढाई आता मी संपवणार, ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत. अठरा डिसेंबरला आहे. भरपूर वेळ.

काय भानगड आहे ते एकदा लिहून काढते. नात अपेक्षा टेबलावर कागदाचा नकाशा पसरते. गोष्ट ती सांगते, राक्षस तिचे. तिच्या मैतरांतला साईराज जादूगार, मृणाली तिरंदाज. पाळी आली की काय करणार ते सांगायचं नि वीस तोंडांचा फासा टाकायचा. आकडा मोठा, तर वार लागला. गेल्या वर्षी ह्यांचा पाय प्लास्टरात होता तेव्हा हेही बसायचे. कोयतेवाला म्हातारा शिपाई झाले. सोंगटी नको म्हणाले, डब्यातला वालाचा दाणा ठेवला. पुलावर एकटे उभे राहिले, समोर अकरा राक्षस. आणि पाळी यायच्या आत खरेच गेले.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मुलानं शेताचं वचन दिलं, दिरानं देवळाचं. मी गप्प. मला कुठं गाडी पकडायची होती. शेवटी अपेक्षा म्हणाली, "आजोबा, तुमची लढाई आम्ही पुरी करू." शिवला. भुकेला होता, दुसरं काय. पण पोरीनं मनात धरलंय, लढाई संपेपर्यंत आजोबा अडकलेले. आणि ती काय संपत नाय. नकाशा वर्षभर तसाच पसरलेला. मला टेबल मोकळं हवं, तांदूळ निवडायला. एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार
घड्याळ लावून बघितलं. एक राऊंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, गोष्टीतले सहा सेकंद, असं अपेक्षा सांगते. आज सहा सेकंदांना दीड तास लागला. साईराज रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो, मशीन चालवतो म्हणे. इथं पाळी आली की मग पुस्तक उघडतो, कुठली जादू करू. तशी मशीन चालवली तर हात जाईल. मृणाली मोबाईलात. हाक मारली की विचारते, कोण मेलं?
मग ह्यांची पाळी. तेव्हा सगळी रिकाम्या खुर्चीकडे बघतात. अपेक्षा हळूच म्हणते, आजोबा थांबलेत. पुढे.
तेवढ्यात पडवीत कुणी खाकरलं. मांजर असणार. मांजरी खाकरतात.
माणसं चार, चहा पाच कप झाला. मला दोन लागतातच हल्ली.

२३ नोव्हेंबर, रविवार
माझे नियम सुरू. कुकर चढवला. दोन शिट्ट्यांत बोलला नाय तर पाळी गेली. वार लागला का तो फासा आणि किती लागला तो फासा, दोन्ही एकदम टाकायचे. पुढचा नंबर कोणाचा ते आधीच सांगायचं, रेशनच्या लायनीत माणूस पिशवी उघडून उभा असतो तसं. राक्षसांची ताकद निम्मी. अपेक्षा म्हणाली असं नसतं आजी. मी विचारलं, तुझे राक्षस रोजावर आहेत का, मरायला इतका वेळ लावतात ते?
अर्ध्या तासात चार खलास. राहिले सात. घरात बाईमाणूस असल्याशिवाय युद्धसुद्धा धड होत नाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.
घोटाळा. परवा बिरड्याला वाल भिजत घातले, त्याच टेबलावर निवडून. आज बघते तर पुलावर हे नायत.
१०. वाल सुपात ओतले. सगळे फुगलेले, सगळ्यांना मोड. तीनशे तरी असतील. पन्नास वर्षं संसार केला, ओळखता येऊ नये?
११. एक काढला. जरा वाकडा, बाकीच्यांपासून सरकून पडलेला. हेच. दुसरं कोण असं बसणार.
बाकीच्यांचं बिरडं केलं नाय. कडू लागलं असतं. परसात टोकून टाकले. सून विचारत होती, भाजी काय. म्हटलं अंडी आण.

३० नोव्हेंबर, रविवार
दाणा बघून अपेक्षा म्हणाली, आजोबा जाडे झाले. म्हटलं, वर्षभर बसून आहेत, होणारच. मग तिनं जवळून बघितलं. मोड काल नखाएवढा होता, आज बोटाच्या पेराएवढा, नि वळलेला राक्षसांच्या बाजूला. साईराजनं पुस्तक मिटलं. पंखा जोरात, तरी नकाशाचा कोपरा हलेना. मी ओरडले, शिट्टी झाली, चला. कुकर लावलेलाच नव्हता.
तरी तीन मारले. राहिले चार.

७ डिसेंबर, रविवार
तीन मेले. पंचवीस मिनिटांत. पोरं आता पाळीच्या आधी फासा मुठीत धरून बसतात. साईराज म्हणाला, "आजी, तुम्ही आमच्या कंपनीत सुपरवायझर पाहिजे होता." खोटं नाय बोलला.
एकच राक्षस राहिला, ह्यांच्या समोर. पूल अरुंद, दुसरं कुणी पोचत नाय. मारायचं तर ह्यांनीच. अपेक्षा म्हणाली, आजी, त्यांच्या जागी तू टाक. टाकते की, त्यात काय. खुर्चीत बसले. खुर्ची गरम. ऊन येत असेल तिथं. ढग होते खरे.
मग आठवलं, दूध गॅसवर आहे. राहिलं. पुढच्या रविवारी एका फटक्यात.

१४ डिसेंबर, रविवार
बसले. नियम दोन शिट्ट्यांचा, माझाच. अकरा झाल्या. भात करपला.
घाई करून भागत नाय, नीट विचार हवा. आधी विचारलं, कोयत्याला धार हाय का. मग, उजव्या हातानं मारू की डाव्या. मग साईराजचं पुस्तक मागितलं, बघू तरी काय लिहिलंय. मृणालीनं विचारलं, आजी, झालं? तिला म्हटलं, तू तुझा मोबाईल बघ.
आठ पडले तरी मरतो म्हणे. त्या राक्षसात जीव उरलाय कुठं, ताकद मीच निम्मी केलेली.
"मेला की मग?" मी विचारलं.
"मग आजोबा पूल ओलांडतात. पलीकडे गाव आहे. गोष्ट संपली."
"परत येतात?"
"नाय गो आजी."
साईराजची रोह्याची गाडी होती. तो उठला. त्याच्यामुळे राहिलं.

१८ डिसेंबर, गुरुवार
वर्षश्राद्ध. भटजींनी भराभर उरकलं. मला नाय आवडलं. पैसे घेतो तर दोन मंत्र सावकाश म्हणावेत माणसानं.
अपेक्षा दिवसभर माझ्याशी बोलली नाय. जेवताना एवढंच म्हणाली, "मी त्यांना शब्द दिलाय, आजी." पानात अजून एक वडा वाढला तिच्या.

२१ डिसेंबर, रविवार
पोरं यायच्या आधी अपेक्षाला चुलीपाशी गाठलं. म्हटलं, तुझा शब्द आहेच, लढाई पुरी व्हायलाच हवी. पण तो एकटा राक्षस बरा दिसत नाय. अर्धमेल्याला मारून ह्यांना काय मोठेपणा. मागनं अजून येत असतील की त्याचे.
ती बघत राहिली.
"किती, आजी?"
"चाळीस-पन्नास येऊ देत. आणि ताकद पहिल्यासारखी ठेव."
तिनं पेन्सिल घेतली नि नकाशावर पुलाच्या पलीकडे टिंबं काढत बसली. काढतच राहिली.
दुपारी साईराजची पाळी आली. त्यानं पुस्तक उघडलं. वीस मिनिटं पानं उलटत होता. मी काही बोलले नाय.