भाला अंगावर आलाच नाही

९ जानेवारी, गुरुवार

नको म्हटलं होतं! तरी ऋषिराजनं तिकडं जम्मूत ड्यूटीवर बसून मोबाइलवर तिकिटं काढलीच. येत्या रविवारची, सांगलीत. चौघांची — मी, बायको विजयमाला, सूनबाई रेश्मा आणि नात राजू. पोरगा स्वतः सुट्टीला येत नाही आणि आम्हाला सिनेमा धाडतो.

'ज्वालाखंड' म्हणे. थ्रीडी. गावात दुसरं बोलणंच नाही. माझा दोस्त गुंडा, त्याच्या हाटेलात चहाला गेलो तर तिथंही तेच. तो पहिल्याच दिवशी बघून आलाय. "मेजर, शिंव्ह असा मांडीवर येऊन बसतोय बगा! मी पाय वर घेतलं!" गावात रिटायर माणसाला मेजरच म्हणतात, मी हवालदार होतो, ड्रायव्हर. म्हटलं, गड्या, लेहच्या वाटेवर चाकाखालची कड सुटताना बघितलीय मी. तुझा पडद्यावरचा सिंह मला काय करणार?

तर म्हणतो, "जावा तर खरं."

रेश्मानं गळ घातली. "मामा, तुमी चला की. राजूनं वर्गात समद्यांना सांगितलंय, आबा पण येणार म्हणून." झालं. आता काय बोलायचं!

१० जानेवारी, शुक्रवार

शाळेच्या पोरांच्या दोन्ही खेपा वेळेत. शाळेच्या फाटकाला गाडीचा डावा आरसा परत घासला. तो खांबच वाकडा बांधलाय. हेडमास्तरांना परत एकदा सांगितलं. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाची गाडी लागत न्हाई ओ मेजर." दुसरे बाहेरच थांबतात, मी पोरांना दारापर्यंत नेतो. हा फरक!

वस्तीवरची सगळी बारकी पोरं माझ्याच गाडीत असतात. एसटी येते तेव्हा शाळेची प्रार्थना होऊन गेलेली असते. आया पोरांना चढवतात आणि वळून बघतही नाहीत. मेजरची गाडी म्हटल्यावर काय बघायचंय!

ऋषिराज फोनवर दरवेळी म्हणतो, आता पुरे करा, आराम करा. पेन्शन आहे, द्राक्षबाग आहे, खायला कमी नाही. पण मी गाडी त्यासाठी चालवतच नाही. स्टीअरिंग हातातनं गेलं की मी पारावरचा एक म्हातारा. कोण आलं, कोण गेलं मोजत बसलेला. ते मला नको. हातपाय चालतात तोवर गाडी सोडणार नाही.

११ जानेवारी, शनिवार

अर्धा दिवस शाळा. बागेत औषध मारलं. राजूनं दिवसभर त्या सिनेमाचं गाणं म्हणून जीव खाल्ला.

१२ जानेवारी, रविवार

जाऊन आलो. कान अजून बधिर आहेत!

आधी रांग. मग दारात एक पोरगी काळे चष्मे वाटत होती. माझ्या चष्म्यावर तो दुसरा चष्मा घातला. आरशात बघितलं तर बेंदराच्या दिवशी सजवलेल्या बैलागत दिसत होतो. विजयमाला तोंडाला पदर लावून हसली. हसू दे.

सिनेमा सुरू झाला. नायकाची आई पहिल्या पाच मिनिटांत मेली. बरं झालं, सुटली बिचारी. मग नायक डोंगर फोडून बाहेर आला. का, ते कुणी सांगितलं नाही. मग एक शहर जळलं. मग दुसरं जळलं. त्यात एक पाठलाग आहे. नायक ट्रक चालवतो. अरे बाबा, किती वेळा गिअर टाकशील? मी मोजायचं सोडलं. चढाला, वळणावर, अंगावर दगड पडतायत आणि हा मागं वळून नायिकेशी बोलतोय! असला ड्रायव्हर माझ्या कॉन्व्हॉयमध्ये असता तर पहिल्याच पडावावर खाली उतरवला असता.

इंटरव्हलला राजूला विचारलं, गोष्ट काय आहे गं ह्याची? तर म्हणते, "आबा, गोष्ट दुसऱ्या भागात हाय." मग हा पहिला भाग कशाला दाखवतात?

पण खरी गंमत पुढंच. तो भाला. त्याचीच तर सगळी जाहिरात! राक्षस भाला फेकतो आणि तो म्हणे थेट आपल्या कपाळावर येतो. भाला सुटला आणि अख्खं थेटर खाली वाकलं. रेश्मानं राजूला पोटाशी धरलं. विजयमालानं माझ्या दंडाला नखं लावली, "आगं आई!" ही बाई विहिरीवरचा साप काठीवर उचलून बांधाबाहेर टाकते आणि पडद्याला घाबरते!

मी ताठ बसून होतो. भाला आला, मोठा झाला, संपला. पडद्यातच. अंगावर काय आलं नाही.

वाटलं चष्मा बिघडलेला असेल. दारात जाऊन बदलून आणला. तेच. परत गेलो. ती पोरगी म्हणाली, "काका, चष्मा चांगला आहे, मी स्वतः बघितला." तिसरा घेतला. मग सिंह आला, पाखरं आली, जळते गोळे आले. शेजारचा माणूस हवेत हात मारून पाखरं धरत होता. शहाणासुरता माणूस, देवाशपथ! मला सगळं भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरसारखं.

येताना गाडीत तिघी नुसत्या चिवचिवत होत्या. मी म्हटलं, फसवणूक आहे ही. लोकांना आधीच सांगून ठेवतात वाका म्हणून, की लोक वाकतात. विजयमाला म्हणाली, "तुमाला कवा काय आवडलंय?"

१३ जानेवारी, सोमवार

गुंडाशी वाजलं. मी म्हटलं सिनेमा रद्दी आहे, अंगावर काहीएक येत नाही. तो म्हणाला मेजर खोटं बोलतायत, भ्यालेत आणि कबूल करत न्हाईत. चहा अर्धा ठेवून उठलो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी राजू नवा फ्रॉक घालून पाया पडली. तिच्या हातावर तिळगूळ ठेवायला गेलो, तो खाली पडला. म्हटलं, हात नीट धर की! "नीटच धरलाय की आबा. तुमी अलीकडंच सोडला." दुसरा तिनं माझ्या मुठीतनं स्वतःच काढून घेतला.

मग पायरीवर माझ्याशेजारी बसली आणि तिळगूळ चघळत म्हणाली, "आबा, तुमी खोटं बोलत न्हाई. गुंडाआज्जाला मी सांगणार हाय."

कसं काय, विचारलं.

"मी थेटरात एक डोळा झाकून बघितला हुता. तवा समदं सपाट झालं. भाला पण आला न्हाई. तुमी म्हणता तसंच. दोनी उघडलं की परत यायचा. तुमी पण एक डोळा झाकून बसला हुता व्हय?"

तिला म्हटलं, जा, आजीला मदत कर जा.

गोठ्यामागं गेलो. डावा डोळा झाकला. बाग दिसली, तारा दिसल्या, बांधावरचं कडुलिंब. मग उजवा झाकला.

काय लिहू! तेलकट कागद धरावा समोर, तसं. मधे थोडा उजेड, बाकी धूर. कडुलिंब नाही. बाग नाही. गोठ्याची भिंत हाताला लागत होती आणि दिसत नव्हती. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत झाकला. पाच-सहा वेळा केलं. वळलो तर राजू कोपऱ्यावर उभी. "आजी जेवायला बोलावती," म्हणाली आणि गेली.

मला भीती वाटली. बर्फात वाटली नव्हती एवढी. गुळाची पोळी पानातच ठेवून उठलो. विजयमालाला वाटलं गुंडाच्या भांडणाचं मनाला लावून घेतलंय. वाटू दिलं.

१५ जानेवारी, बुधवार

रोजच्यासारखी गाडी काढली. हळू चालवली. पोरं मागनं ओरडत होती, "आबा, बैलगाडी पुढं गेली!"

१७ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस तोच चाळा. कोण बघत नाही असं बघून उजवा डोळा झाकायचा. दरवेळी वाटतं, ह्या खेपेला दिसेल.

१८ जानेवारी, शनिवार

दुपारी शाळा सुटल्यावर पोरं घरोघर सोडली. घरी सांगितलं, जुना दोस्त आलाय मिरजेला, भेटून येतो. गाडी ठेवून एसटीनं गेलो. मिरजेत डोळ्याचा दवाखाना.

डॉक्टर तरुण बाई. माझ्या रेश्माएवढी. डोळ्यात थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, उजेड मारला. मग एका वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालून, ठिपका दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी बराच वेळ बटण दाबलंच नाही. म्हटलं, बाई, यंत्र सुरू करा की. त्या म्हणाल्या, "सुरूच आहे, आजोबा."

काचबिंदू. डावा गेलाय. आज नाही, दोन-तीन वर्षं हळूहळू जात होता. दुखत नाही, खुपत नाही. उजवा त्याचं काम भरून काढतो, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येत नाही. उजव्यातही सुरुवात आहे, पण रोज थेंब घातले तर राखता येईल.

मी विचारलं, मग मला ते थ्रीडी? बाई हसल्या. "त्याला दोन डोळे लागतात. तुम्हाला कसं दिसेल? अंतर कळायलाही दोन लागतात." मग हसायच्या थांबल्या. "गाडी चालवता का?"

म्हटलं, मोटारसायकल. कधीमधी. शेतापर्यंत.

"मागं कुणाला बसवू नका. लहान मुलांना तर अजिबात नको."

बरं म्हटलं! तोंड वर करून, सरळ बरं म्हटलं आणि बाहेर आलो. थेंबाची बाटली दाढीच्या सामानात ठेवलीय.

१९ जानेवारी, रविवार

दिवसभर बागेत. विचार केला.

एक — मधेच गाडी बंद केली तर पोरांनी जायचं कसं? वार्षिक परीक्षा एप्रिलात. तोवर ओढायचं. मग सांगायचं, वय झालं, थकलो. डोळ्याचं नाव काढायचं नाही. दुसरं — बंदुकीचा नेम एका डोळ्यानंच धरतात. तिसरं — डावा काय आज गेलाय? दोन-तीन वर्षं गेलाय. त्या वर्षांत काय झालं? काही नाही. आरसा घासला, एवढंच. मग आता काय होणार आहे?

म्हणजे काल होतो तोच ड्रायव्हर आज आहे. फक्त काल मला माहीत नव्हतं.

हे लिहिलं आणि परत वाचलं. बरोबर वाटत नाही. पण एप्रिलपर्यंतच तर आहे. हळू चालवीन. हॉर्न वाजवत जाईन. फाटकाच्या बाहेर थांबीन, दुसऱ्यांसारखा.

आणि तो सिनेमा रद्दीच आहे! दोन डोळ्यांच्या माणसालाही ट्रक असा चालवता येत नाही. गुंडाला हे सांगायला पाहिजे होतं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

संध्याकाळी ऋषिराजचा फोन. "पप्पा, कसा वाटला सिनेमा? आमच्या इथं पोरं येडी झालीत." म्हटलं, झकास होता. भाला अगदी कपाळावर आला बघ. तो एवढा खूश झाला!

२० जानेवारी, सोमवार

राजू रोज मागं मैत्रिणींत बसते. आज पुढं आली, माझ्या डाव्या बाजूला. दप्तर मांडीवर घेऊन खिडकीतनं बाहेर मान काढून बसली. गाडी हलली तशी हळू आवाजात सुरू झाली, "आबा, सायकल. आबा, शेरडं. आबा, कडंला म्हातारी हाय, थोडं तिकडं घ्या." म्हटलं, काय चाललंय गं? तशीच बाहेर बघत म्हणाली, "तुमच्या त्या डोळ्याचं मी बघती. कुणाला सांगत न्हाई."

गाडी कडेला घेतली. बंद केली. रेश्माला फोन लावला — गाडी न्यायला कुणाला तरी पाठव, मी आता चालवणार नाही, का ते घरी येऊन सांगतो. पोरं खाली उतरवली, दोघादोघांची रांग लावली आणि चालत शाळेत नेली. राजू माझा हात धरून होती, वाटभर डावीकडंच बघत. फाटकापाशी तिला म्हटलं, झालं बाळ, आता तू जा. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, हात सोडला आणि मैत्रिणींच्या मागं पळाली.