डासांचा यजमान

साडूभाऊ,

तुम्हाला आणि ताईंना मनापासून नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे; फक्त संध्याकाळी नामस्मरणाला बसलो की डास मला पाच मिनिटंही टिकू देत नाहीत. एका हातात माळ, दुसरा हात मारायला मोकळा. ओठांवर देवाचं नाव आणि तळव्याखाली हत्या, हे काही मनाला पटत नाही. ही मात्र शेजारी डोळे मिटून निवांत.

पण आता कारण सापडलं आहे, म्हणून रंधा बाजूला ठेवून घाईने लिहितो. परवा डासांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत जाळीचं दार बसवायला गेलो होतो. (होय, तिथे डास पाळतात. मीही असाच दचकलो.) तिथल्या डासांच्या पिंजऱ्याच्या जाळीला हात लावला मात्र, आतले सगळे डास माझ्या बाजूला येऊन चिकटले. शेजारी दोघे उभे होते, त्यांना कुणी विचारलं नाही. मी ओशाळलो, पण तिथल्या संशोधक बाईंना कोण आनंद! त्यांनी मला दिवसभर नवे मोजे घालायला लावले. मग माझे मोजे एका नळीत, त्यांचे दुसऱ्या नळीत, आणि मधे डास सोडले. त्यांच्याकडे एक चुकार डास गेला, तोही परत फिरला.

तेव्हा माझं रक्त गोड म्हणून तुम्ही चिडवता, ते साफ चूक. आपल्या कातडीवर असंख्य जिवाणू राहतात, घामाला वास आणतात, आणि त्या वासावर डास येतात. ज्याच्या अंगावर नाना जाती नांदतात, त्याच्याकडे ते कमी फिरकतात. माझ्याकडे जाती मोजक्या, पण वस्ती उदंड. (जीवमात्रात देव पाहावा हे खरं, पण तो तळपायावर एवढा दाटीवाटीने असेल असं वाटलं नव्हतं. हल्ली पाय घासताना हात जरा हळू चालतो.) बाईंनी आनंदाच्या भरात घरी फोन केला, "तुमचे यजमान फार उत्तम यजमान आहेत."

"कुणाचे?" हिने विचारलं. उत्तर ऐकून माझी चादर वेगळी भिजत घातली.

तुमचा,
साडू

ता. क. तुम्हाला डास कधीच चावत नाहीत. तरी चार दिवस वापरलेले मोजे न धुता पाठवावेत. विरजणासारखे तुमचे जिवाणू माझ्या पायांना लागतील असा अंदाज आहे. (बाईंना विचारलेलं नाही. नाही म्हणतील.)

आणखी ता. क. भावजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मोजे पाठवू नका. एकटी बसले की डास मलाही फोडून काढतात. यांना रोज आग्रहाने शेजारी बसवते, ती काय नुसती भक्ती म्हणून?