फोरबर्ग येथील रुसवा व त्याची फलश्रुती

फोरबर्ग, सप्टेंबर २०१८

चि. श्रीधर यास रवींद्रदादाचे आशीर्वाद.

तुझी पाठ आता सरळ झाली असेल, चि. सौ. मालिनी खुशाल असेल आणि सांगलीच्या घरचा गणपती यथासांग पार पडला असेल, असे गृहीत धरून लिहितो. माझी प्रकृती उत्तम आहे. (हे विधान पुढे पुराव्यास लागणार आहे, विशेषतः गुडघ्यांच्या बाबतीत. लक्षात ठेव.)

जुलैपासून आमच्याकडे मृणालिनीचे वडील हरिहरराव मुक्कामाला आहेत. सुनेचे वडील म्हणजे माझे व्याही. त्यांचा मान राखणे हे माझे कर्तव्य आणि ते मी काटेकोरपणे बजावतो. गृहस्थ तीस वर्षे अमेरिकेत राहिलेले, उंच, हसतमुख, आणि व्याख्या न करता विधाने करणारे. आल्या दिवशीच ते खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत बसले. (खुर्ची माझी, असे कुठे लिहिलेले नाही, हे मान्य. परंतु चार वर्षांच्या अखंड वहिवाटीला काही अर्थ असतो, हे तुझ्यासारख्या वकिलाला मी काय सांगावे.) खुर्चीचे मी मनावर घेतले नाही. इरावतीचे घेतले. ही माझी अकरा वर्षांची नात माझे मराठी पूर्णपणे समजते आणि डचमध्ये दोन शब्दांत उत्तर देते. तीच मुलगी हरिहररावांच्या पायाशी सतरंजीवर बसून, त्यांच्या लॅपटॉपवर अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहत तासन्‌तास इंग्रजीत बडबडते. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला जे एका नातीकडून चार वर्षांत साधले नाही, ते या माणसाने एका लांबट चेंडूच्या जोरावर आठवड्यात साधले. मी शेजारी वर्तमानपत्र धरून बसत असे. पान उलटल्याचे स्मरत नाही.

ऑगस्टमध्ये एका संघाचा मुख्य धावक सरावाला आलाच नाही. हरिहररावांनी इरावतीला समजावले की याला ‘होल्डआउट’ म्हणतात: करार असूनही खेळाडू घरी बसतो, दंड सोसतो, आणि वाढीव मोबदल्याची हमी मिळाल्याशिवाय मैदानात पाऊल ठेवत नाही, मग मालक धावत येतो. मी वर्तमानपत्राआडून ऐकत होतो. हा तर आपल्या मांडवातला जावयाचा रुसवा. फरक इतकाच की जावई अंगठीवर मानतो आणि हा मानत नाही. त्या रात्री मी न्यायशास्त्राच्या पद्धतीने पाच पायऱ्यांचे अनुमान मांडले. ज्याच्यावाचून कार्य अडते, तो रुसल्यास त्याची मनधरणी होते; जसा तो धावक. घरच्या गणपतीची पूजा चार वर्षे मीच सांगत आलो. माझ्यावाचून ती अडणारच. म्हणून मी रुसल्यास माझी मनधरणी होईल. अनुमान निर्दोष होते. आजही मला त्यात दोष दिसत नाही. दोष असेल तर तो नेदरलँड्समध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी शांतपणे जाहीर केले की यंदा मी पूजा सांगणार नाही. आपल्याकडे या वाक्यानंतर काय घडते, हे तू जाणतोस: ताटावरून हात थांबतात, कोणीतरी “असं काय करता” म्हणते, कोणीतरी पाया पडते, आणि रुसलेला माणूस तिसऱ्या विनवणीला नाइलाजाने मानतो. (तिसऱ्या विनवणीचे माझे उत्तर तयार होते, चांगले होते.) अभिजित म्हणाला, “ठीक आहे बाबा. तुमचा निर्णय आहे, आम्ही तो रिस्पेक्ट करतो.” या मुलाने अॅमस्टरडॅमच्या झुइडासमधल्या बँकेत दहा वर्षे काढून हे वाक्य कमावले आहे. मृणालिनी म्हणाली, “बरंच झालं हो बाबा. इतका वेळ मांडी घालून बसता, मला तुमच्या गुडघ्यांची काळजीच वाटते.” इरावती म्हणाली, “ओके, ओपा.” (ओपा म्हणजे डचमधले आजोबा.) आणि हरिहरराव म्हणाले, “मग मी सांगून बघू का?”

श्रीधर, रुसवा हा एकट्याने करण्याचा प्रकार नव्हे. त्याला समजूत काढणारा पक्ष लागतो. या देशात माणसाच्या शब्दाला इतका मान आहे की तो तसाच खरा धरतात.

चतुर्थीला मी वरच्या खोलीत बसण्याचा निश्चय केला होता. प्रत्यक्षात जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलो, कारण तिथून ऐकू येते. हरिहरराव स्टुलावर बसून पूजा सांगत होते. मी चुकांची वाट पाहत होतो. एकही आली नाही. उच्चार स्वच्छ, आवाज भरदार, आणि मी जिथे प्रत्येक उपचाराचा अर्थ विशद करतो तिथे ते केवळ पुढे जात. बाडहूव्हडॉर्पहून दरवर्षी येणारी विशाखा खालून हरिहररावांना म्हणाली, “काका, यंदा पहिल्यांदाच मोदक गरम मिळाले हो.” हे मला ऐकू जावे म्हणून ती म्हणाली नसावी. म्हणजेच ते खरे असावे.

तेवढ्यात इरावती मोदकांची ताटली घेऊन वर आली आणि माझ्या खालच्या पायरीवर बसली. “आजोबा, तू होल्डआउट करतोयस ना?” तिचे इतके लांब मराठी वाक्य मी प्रथमच ऐकले. मी व्याख्येत शिरणार होतो, पण ती म्हणाली, “मग तू डिमांड सांगितलीच नाहीस. प्लेयरला सांगावी लागते.” मी ताटली बाजूला सरकवली. मग म्हणालो, की रविवारी सामन्याच्या वेळी तू माझ्याजवळ बसावेस. ती म्हणाली, “आधी रूल्स शीक. आणि उद्याची पूजा तू सांग. शॉर्टमध्ये.” दीड दिवसांच्या गणपतीची उत्तरपूजा मी सांगितली. थोडक्यात सांगितली. अर्थ फक्त दोनदाच विशद केला.

सर्व लहानथोरांस आशीर्वाद कळावेत.

तुझा,
दादा

ता. क. एक पत्र पाठव, अभिजितच्या नावे: ‘दादांवाचून येथे अडते, त्यांना सांगलीस कायमचे पाठवावे.’ दुसऱ्या संघाची मागणी आल्याशिवाय खेळाडूचे मोल कळत नाही. मी येणार नाही. खोली रिकामी करू नये.

ता. क. २. ही युक्ती हरिहररावांची. असे व्यवहार खेळाडू स्वतः करत नाही, दलाल करतो, असे म्हणून ते आपणहून माझे दलाल झाले आहेत आणि नियमही तेच शिकवतात. हे पत्र टपालात तेच टाकतील. मोबदला म्हणून त्यांनी खिडकीजवळची खुर्ची कायमची मागितली. मी वादाविना दिली. इरावती खाली सतरंजीवर बसते, आणि त्यांचे गुडघे वळत नाहीत. माझे वळतात.